कणकेचे हात

लक्ष्मणकाकांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली तेव्हा त्यांची मुलगी वंदना आणि मी सातवीत होतो. साकीनाक्याच्या उतारावर आमच्या दोन खोल्यांमध्ये फक्त एक पत्रा होता. त्यांच्याकडे फोडणी पडली की आम्हाला ठसका लागायचा, आणि आमच्याकडे भांडण वाढलं की शांताकाकू पलीकडून पत्र्यावर उलथनं आपटायच्या. त्या दुपारी पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी डोकावलो तर काका पलंगावर बसले होते, हाताला टॉवेल गुंडाळलेला, आणि वंदना त्यांच्या पायातली चप्पल काढत होती. आधी चप्पल का काढत होती कोण जाणे. तिला बहुतेक तेवढंच सुचलं.

काका दाराच्या बिजागऱ्या काढणाऱ्या गाळ्यात पॉवर प्रेसवर होते. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली लोखंडी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. डायवर पत्र्याची पट्टी सरकवायची आणि पायाने पायडल दाबायचं. वरचा ठोकळा खाली येतो, बिजागरी कापतो, वर जातो. तो एकदा निघाला की मध्येच थांबत नाही. पट्टी सरकवायला आणि तयार नग काढायला हात आत जातो. हाताचा आणि पायाचा ताल दिवसभर जमतो, आणि एकदा जमत नाही.

त्यानंतर त्या घराने जे काढलं ते मी पत्र्याच्या अलीकडून पाहिलं. शेठने दवाखान्याचं केलं, दिवाळीपर्यंत पगार दिला, मग काकांना गाळ्याच्या दारात वॉचमन म्हणून बसवलं. काकूंनी बिजागऱ्यांच्या कडा घासायचं काम घरी आणलं. खोलीभर लोखंडाचा कीस व्हायचा, भात खाताना दाताखाली कचकचायचा. काका भिंतीकडे तोंड करून जेवू लागले. अंगठा आणि करंगळी यांच्यात घास धरता येत नव्हता, आणि डाव्या हाताने जेवताना कोणी पाहिलेलं त्यांना खपत नव्हतं. लग्नाला गेले तर उपाशी परत यायचे. आणि नववीत शिकणारा सुभाष, वंदनाचा मोठा भाऊ, शाळा सोडून काकांच्याच प्रेसवर जाऊन बसला. दोघांपैकी एकच शिकू शकतो हे त्या घरात कोणी बोललं नाही. वंदनाचं दप्तर तेवढं खुंटीवर राहिलं आणि सुभाषचं काढलं गेलं.

सुभाषला एक सवय लागली. संध्याकाळी कामावरून आला की उंबऱ्यात उभा राहून दोन्ही हात वर करायचा, बोटं पसरून. सिनेमात पोलिसांना शरण जाणारा माणूस करतो तसा. काकू चुलीपाशी मान वळवायच्या, बघायच्या, आणि मग चहाचं आधण ठेवायच्या. पाहिल्याशिवाय चहा नाही. वंदना पुस्तकातून डोकं वर काढायची, बघायची, परत वाचायला लागायची. वर्षानुवर्षं हे चाललं. घरातली सगळी भीती त्या दोन हातांत होती, आणि ती रोज संध्याकाळी एकदा उतरायची.

पुढे लोक वंदनाला विचारायचे, या विषयाकडे कशी वळलीस. ती म्हणायची, "मी वळले नाही. तो विषय रोज सहा वाजता दारात येऊन उभा राहायचा."

डिप्लोमा, मग डिग्री, मग एका मोठ्या संस्थेत पीएच.डी. मधल्या काळात एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, पगार ऐकून आमची अख्खी गल्ली गप्प झाली होती. तिने ती घेतली नाही. काकूंनी विचारलं, मग आता काय करणार. ती म्हणाली, रिसर्च, स्टायपेंड मिळतो. काकू म्हणाल्या, "म्हणजे अजून शाळाच." आणि माझ्या आईकडे बघून, "सुभाषने अजून किती वर्षं हात वर करायचे ते तरी सांग म्हणावं तिला."

तोपर्यंत मी त्याच गाळ्यात सुपरवायझर झालो होतो. संध्याकाळच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, हे मी आजही कोणी न विचारता सांगतो. पण वंदनापुढे माझी ही टिमकी चालायची नाही. "दिल्या," ती म्हणायची, "तू ग्रॅज्युएट आहेस ना, मग त्या बटणाची ट्यूब का काढत नाहीस?"

बटणाचं असं होतं, की प्रेसला दोन बटणं बसवता येतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. आमच्याकडे ती बसवली होती. पण पगार नगावर. दोन बटणं दाबत बसलं तर नग कमी निघतात, म्हणून पोरांनी एका बटणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ते कायमचं दाबून टाकलेलं. मी ती काढली की दुसऱ्या दिवशी नवी. शेवटी बटणंच काढली आणि परत पायडल आलं. ट्यूब सुभाषनेही बांधली होती. वंदना त्याच्यावर चिडली तेव्हा तो म्हणाला, "तुझी फी त्या ट्यूबवर निघाली, बाई."

 नंतर मला म्हणाली, ज्याला हात अडवणारं काहीही नको आहे त्याच्यासाठी न अडवणारं काहीतरी करायला हवं.

ते काहीतरी म्हणजे कॅमेरा. डायच्या वर एक छोटा कॅमेरा. आत हात दिसला की लाल दिवा, आणि पायडल जाम. हात बाहेर आला की हिरवा. माणसाने वेगळं काही करायचं नाही, वेगही कमी होत नाही. मशीन लर्निंग मला कळत नाही, हे सांगायची मला लाज नाही. तिने जसं समजावलं तसं सांगतो. "बाळाला हात म्हणजे काय ते कसं शिकवतोस? दाखवून. याला हजारो हात दाखवायचे. हा हात, हा पत्रा, हा हात, हा फडका. मग ते स्वतःच ओळखायला लागतं." मी विचारलं, आणि जे दाखवलंच नाही ते? ती म्हणाली, "ते त्याच्यासाठी नाहीच."

हे वाक्य तिने हसत म्हटलं होतं.

वंदनाकडे बघून कोणाला संशोधक वाटायचं नाही. बुटकी, आवाज मोठा, केस कायम वर बांधलेले, पाठीवर सॅक. नवीन माणूस भेटला की चेहऱ्याआधी त्याचे हात बघायची. "हात दाखवा." साकीनाक्यात तिचं नाव पडलं हातवाली मॅडम. आमच्या गल्लीतली एक म्हातारी तिला ज्योतिषी समजून रोज तळवा पुढे करायची. एकदा गाळ्यातल्या एका पोराने मस्करीत विचारलं, मॅडम, माझं लग्न कधी आहे ते सांगा. तिने त्याचा हात उलटा केला, नखं बघितली आणि म्हणाली, "लग्नाचं माहीत नाही. ग्राइंडरवर हातमोजा न घालता बसतोस एवढं दिसतंय." पोरगा दिवसभर हात खिशात घालून फिरला.

माणसं तिला हातांवरून लक्षात राहायची. नाव विसरायची, पण "तो, ज्याच्या अंगठ्याचं नख काळं आहे तो" असं म्हणायची. स्वतः मात्र नखाला रंग नाही, बोटात अंगठी नाही. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरायची, उन्हाळ्यातसुद्धा.

एकदा तिने मला तिची लॅब दाखवायला नेलं. थंडगार खोली, आणि दाराबाहेर पोरांची रांग. हॉस्टेलच्या पोरांना तिने लालूच दाखवली होती: कॅमेऱ्यासमोर हात हलवा, समोसा घ्या. आमच्या गाळ्यातलं जळकं तेल मी तिला डब्यात नेऊन दिलं होतं, ते ती पोरांच्या हातांना फासायची. नुसते स्वच्छ हात दाखवले तर काळे हात कसे ओळखणार? मेंदीचे हात, अंगठ्या घातलेले, दोरा बांधलेले, पट्टी लावलेले, हातमोज्यातले. तिचे सर मला म्हणाले, इतकं बारकाईने काम करणारी विद्यार्थिनी मी पाहिली नाही. मला अभिमान वाटला, जणू मीच पीएच.डी. करत होतो.

प्रेसवर चाचणी करायला खरा हात वापरता येत नाही. तिने रबरी हातमोजे आणले आणि त्यांत कणीक भरली. घट्ट कणीक, प्रत्येक बोट ठासून भरलेलं, काठीच्या टोकाला बांधलेलं. कणीक मळायची शांताकाकूंनी. घासायचं काम सोडून त्या परातीत पीठ घ्यायच्या आणि पुटपुटायच्या, पोरगी शिकली आणि घरात पोळ्यांऐवजी पंजे व्हायला लागले. पहिल्या दिवशी शेठही बघायला आला होता. कणकेचा हात आत गेला, लाल दिवा लागला, सुभाषने पायडलवर पाय दिला, पायडल हललं नाही. पुन्हा. पुन्हा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मणकाका दारातून बघत होते, उजवा हात पाठीमागे. शेठ म्हणाला, ठीक आहे, सुभाषच्या प्रेसवर राहू दे.

त्या संध्याकाळी काकूंनी सुभाषच्या हातांकडे न बघता चहा टाकला. मला ते पत्र्याअलीकडून कळलं, कारण वंदना मोठ्याने म्हणाली, "आई, बघितलं नाहीस." आणि काकू म्हणाल्या, "आता तुझा तो डोळा बघतो ना."

मग दसरा आला.

दसऱ्याला गाळा धुऊन पुसून काढतात, प्रेसना झेंडूचे हार घालतात. शेठची म्हातारी आई, सगळे तिला बा म्हणायचे, दरवर्षी येऊन पूजा करायची. लक्ष्मणकाका त्या पूजेत कधी नसायचे. त्यांना कोणी बोलावलं की म्हणायचे, "मी त्या मशीनला तीन बोटं दिलीत. आणखी काय वाहू?" त्या वर्षी बाने सुभाषच्या प्रेसपाशी जरा जास्त वेळ लावला. काकांचं काय झालं ते तिला ठाऊक होतं. वाटीत कुंकू कालवलं, हात बुडवला, आणि डायच्या मागच्या लोखंडावर पूर्ण पंजा उमटवला. मला म्हणाली, सगळ्या पोरांचे हात असेच शाबूत राहू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस चालू केला तर लाल दिवा. आत काहीच नाही, तरी लाल. पायडल जाम. मी कॅमेरा पुसला, वायरी हलवल्या, हार काढला. लालच. वंदनाला फोन केला, तिने व्हिडिओवर बघितलं, फोन डायच्या मागे धरायला लावला. मग म्हणाली, "दिल्या, तो पंजा पूस. त्याला तो हात वाटतोय."

पुसायला कोणी तयार होईना. दसऱ्याचा पंजा, बाच्या हाताचा, तोही या मशीनवरचा. एक पोरगा म्हणाला, मी पुसला आणि उद्या माझं बोट गेलं तर? वंदना म्हणाली दोन दिवस द्या, रंगवलेला हात आणि खरा हात यातला फरक मी त्याला शिकवते. दिवाळीची ऑर्डर डोक्यावर होती. शेठला दोन दिवस नव्हते. त्याने स्टूल घेतलं, वर चढला, आणि कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. हिरवा लागला. दिवाळीनंतर बघू, म्हणाला.

वंदना त्याच दुपारी आली. शेठसमोर उभी राहिली, आधी समजुतीने बोलली, मग हात जोडले. तिला हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सुभाषच तिला बाहेर घेऊन गेला. "जा गं तू. मी काय नवीन आहे का? इतकी वर्षं डोळा कुठे होता?"

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सुभाषच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं.

मी तिथे होतो. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. पंजा तसाच होता मागे, लालभडक, पाच बोटांचा.

हॉस्पिटलमध्ये वॉर्डाच्या दारात वंदना आणि काकू आल्या तेव्हा सुभाष उठून बसला आणि त्याने दोन्ही हात वर केले. एक उघडा, एक बँडेजचा गोळा. सवयीने केले असतील, की आईला एकदाच काय ते कळून जावं म्हणून, ते मला माहीत नाही. काकू तिथेच खाली बसल्या. वंदना पुढे गेली आणि त्याचे हात खाली घेतले, आधी उजवा, मग डावा. म्हणाली, "पुरे आता, दादा. खाली घे."

त्यानंतर ती लॅबला गेली नाही. दिवसभर घरात पत्र्याला टेकून बसायची. सरांचे फोन यायचे, ती उचलायची नाही. मी एकदा उचलला. सर चांगला माणूस, पण बोलून गेले की त्या घटनेची नीट नोंद झाली तर संशोधनाला उपयोग होईल. मी ते तिला सांगितलं नाही. तिची आणि काकूंची बोलणी पत्र्यातून ऐकू यायची. काकू तिला काही दोष द्यायच्या नाहीत, तेच तिला सोसत नव्हतं. एकदा ती म्हणाली, "शिव्या दे ना मला." काकू म्हणाल्या, "शिव्या देऊन बोटं फुटतात का?"

जखम भरल्यावर सुभाष पुन्हा त्याच प्रेसवर आला. दुसरं काय करणार होता? दुसरं काम त्याला येत नव्हतं आणि घर चालेल अशी दुसरी कमाई नव्हती. वॉचमनची खुर्ची एकच, तिच्यावर वडील बसलेले. तो कामावर जातो म्हटल्यावर वंदना उठली. सॅक भरली. शेठ आता नाही म्हणू शकत नव्हता. तो तिच्या नजरेला नजरच देत नव्हता. रंगवलेल्या हाताचं तिने अपघाताआधीच लॅबमध्ये दुरुस्त केलं होतं. कॅमेरा लावला, काकूंकडून कणीक मळून घेतली, हातमोजे भरले. बाचा पंजा मागे होताच, त्याच्याकडे आता दिवा ढुंकून बघत नव्हता. कणकेचा हात आत, लाल. बाहेर, हिरवा. एकदाही चूक नाही.

सुभाष म्हणाला, मी बसतो.

मोटर बंद होती. चाक थांबलेलं होतं. नुसता दिवा बघायचा होता. त्याने डावा हात डायवर ठेवला.

हिरवा.

त्याने हात काढला, परत ठेवला. हिरवा. वंदनाने कॅमेऱ्याची काच पुसली. हिरवा. तिने स्वतःचा हात ठेवला, लाल. सुभाषचा ठेवला, हिरवा. मग ती दाराकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, जरा या." काका आले. त्यांनी पाठीमागचा हात पुढे घेतला, अंगठा आणि करंगळी, आणि ज्या डायवर बाकीची बोटं गेली होती तिच्यावर तो ठेवला.

दिवा हिरवाच राहिला.

वंदना तेलकट जमिनीवर बसली. मी तिला रडताना पाहिलं नाही, आजवर नाही, त्या दिवशीही नाही. ती नुसती त्या दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुंकवाचा हात त्याला दिसला. माझ्या घरातले हात दिसत नाहीत."

मी काहीतरी बोललो, चूक होते वगैरे. तिने मान हलवली. "तुला कळत नाहीये, दिल्या. मी तेलाचे घेतले, मेंदीचे घेतले, पट्टीचे घेतले. बोटं गेलेला एकही नाही घेतला. साकीनाक्यात वाढून. लोकांना वाटेल मी विसरले. मी विसरले नाही रे. मला बाबांचा हात वेगळा वाटलाच नाही कधी. ते माझ्या डोक्यावरून तोच हात फिरवायचे. माझ्यासाठी हात म्हणजे तसाच."

काका तिथेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

ज्या माणसाचं एकदा बोट गेलं त्याचं दुसऱ्यांदाही जातं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पकड गेलेली असते, अंदाज चुकतो. म्हणजे ज्यांना तो कॅमेरा सगळ्यात जास्त लागणार होता त्यांनाच तो बघत नव्हता. असे हात समोशावर मिळणार नव्हते. ते आमच्या आसपासच्या गल्ल्यांतच होते, पण खिशात, नॅपकिनखाली, पाठीमागे. वंदना गाळ्यागाळ्यात जाऊन विचारू लागली. पहिला आठवडा एकानेही हात पुढे केला नाही. एकजण म्हणाला, मॅडम, आमचा तमाशा करू नका. एकाने शिवी दिली. हातवाली मॅडम आली की माणसं चहा अर्धा टाकून उठून जायची. ती घरी यायची तेव्हा तिचा चेहरा असा असायचा की काकू पत्रा वाजवून मला बोलवायच्या.

मग एका सकाळी लक्ष्मणकाकांनी वॉचमनची खुर्ची उचलली. गाळ्याच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्यासमोर, भर रस्त्यात, ती ठेवली. चहावाल्याचं फळकूट पुढे ओढलं. शर्टाची बाही वर केली, उजवा हात फळकुटावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "आधी माझा घे." इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवलेला माणूस. वंदनाने कॅमेरा काढला. स्टँड मला धरायला लावला. काका हात फिरवत होते, उलटा, सुलटा, मूठ करून, पत्र्याची पट्टी धरून. येणारेजाणारे बघत होते. काकांनी चहा मागितला आणि त्याच हाताने, अंगठा आणि करंगळीत ग्लास धरून, सगळ्यांसमोर प्यायले. सांडला थोडा शर्टावर. पुसला नाही.

नंतर सुभाष बसला. नंतर पलीकडच्या गाळ्यातला एक जण आला, मोठ्याने म्हणाला, काका बसले तर आपल्याला काय प्रॉब्लेम आहे. दुपारपर्यंत रांग लागली. लोक एकमेकांना आपली कथा सांगायला लागले, कुठल्या मशीनवर, कोणत्या शेठकडे. कोणीतरी म्हणालं, आमच्या दोघांचा मिळून एक पूर्ण हात होतो, एकच फोटो घ्या. हशा पिकला. वंदना हसली नाही. ती एकेक हात दोन्ही हातांत घेऊन डायसारख्या ठोकळ्यावर ठेवत होती, चहाचा ग्लास धरायची तसा.

घरी काकू हातमोज्यांना गाठी मारत होत्या. मधल्या बोटाला गाठ, दोन बोटांना, तीन बोटांना, आणि मग कणीक. गाठ मारताना त्या कोणाकडे बघत नसत.

पहिल्या चाचणीत चाक फिरत होतं, आणि दोन गाठींचा एक हात दिव्याला दिसला नाही. सुभाषने पायडल दाबलं, प्रेस खाली आला. कणीक फुटून वंदनाच्या चेहऱ्यावर, केसांत उडाली. तिने ती तशीच ठेवली, लॅपटॉप उघडला आणि तिथेच पोत्यावर बसून काम केलं. नंतरचे कित्येक दिवस हेच. कणीक, गाठ, लाल. कणीक, गाठ, हिरवा, आणि धाड. लाल वाढत गेले. हिरवे कमी झाले. मग एक दिवस एकही हिरवा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तरी ती कोणाला खरा हात घालू देईना. मोटर चालू असताना तर नाहीच. म्हणायची, अजून एक दिवस. परत अजून एक दिवस. मला वाटायला लागलं ही कधीच हो म्हणणार नाही.

शेवटचं तिला त्या गाळ्यात पाहिलं ते असं. दुपारची सुट्टी संपत होती. ती पाण्याच्या पिंपाशी हाताची कणीक धूत होती, पाठ आमच्याकडे. सुभाष येऊन स्टुलावर बसला, मोटर चालू केली. चाकाचा आवाज ऐकून ती वळली. तोवर त्याने डावा हात आत ठेवला होता, तीन बोटांचा, आणि पाय पायडलवर. दिवा लाल होता. सुभाषने पायडल दाबलं. हललं नाही. त्याने दोन्ही पायांनी, अंगाचा भार टाकून दाबलं. हललं नाही. मग त्याने हात बाहेर काढला आणि स्टुलावर बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले, बोटं पसरून, तिच्याकडे बघत. वंदना ओल्या हातांनी उभी होती, कोपरांवरून पांढरं पाणी गळत होतं. ती बघत राहिली. मग वळली आणि परत हात धुवायला लागली, आणि धूतच राहिली.

आता ती दुसऱ्या शहरात एका विद्यापीठात शिकवते. तिच्या पहिल्या मोठ्या भाषणाचा व्हिडिओ मी पाहिला आहे. पहिलंच चित्र काकांच्या हाताचं, शेजारी हिरवा दिवा. तिने सुरुवात आपल्या चुकीपासून केली. सरांना ते आवडलं नव्हतं म्हणे.

आमच्या गाळ्यातल्या सगळ्या प्रेसवर आज कॅमेरे आहेत. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दोन गाळ्यांनी ते बसवले आहेत, आणखी एक शेठ विचारून गेला आहे. काका लग्नात पंगतीत बसून जेवतात. सुभाष अजून त्याच प्रेसवर आहे. त्याला आठ बोटं आहेत, आणि आठच्या आठ आहेत.